लाहिरी, अनिर्बान

(२९ जून १९८७– ). भारतीय धंदेवाईक गॉल्फपटू. जन्म पुणे येथे, लष्करी सेवेतील बंगाली डॉक्टरच्या कुटुंबात. २०१५ साली अमेरिकेतील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत संयुक्त पाचवा क्रमांक मिळवून पुरुष गॉल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीत पहिल्या पाचांत येण्याचा मान त्यांनी भारताला प्रथमच मिळवून दिला. त्याच वर्षी प्रेसिडेंट्स चषकाच्या सामन्यांसाठी निवडले गेलेले ते पहिले भारतीय ठरले आणि आशियाई टूरच्या गुणवत्ता यादीतही त्यांनी अग्रस्थान पटकावले. त्यांच्या कारकीर्दीचा अर्थ केवळ विजयांच्या यादीवरून लागत नाही. पैशासाठी गॉल्फ खेळणाऱ्या माणसाला भारतात पूर्वी कोणते स्थान होते आणि ते कसे बदलत गेले, हे ध्यानात घेतल्यावाचून तिचे मोल नीट कळणार नाही.

गॉल्फचे मैदान अठरा खळग्यांचे असते. प्रत्येक खळग्यासाठी कुशल खेळाडूस लागाव्यात अशा फटक्यांची एक संख्या ठरलेली असते. तिला ‘पार’ म्हणतात. अठरा खळग्यांचे एकूण पार साधारणपणे ७० ते ७२ फटक्यांचे असते. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास ‘बर्डी’ व दोन कमी लागल्यास ‘ईगल’ साधला असे म्हणतात. खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून चेंडू खळग्यात ढकलण्याचा जो हलका फटका असतो, तो ‘पट’ होय. तीनशे यार्डांचा सणसणीत फटका आणि दोन हातांवरचा हा हलका फटका या दोहोंची किंमत सारखीच, म्हणजे एक. या खेळाची सारी क्रूरता या हिशेबात आहे. मोठी स्पर्धा चार दिवस चालते व तीत एकूण बहात्तर खळगे खेळावे लागतात. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले जवळजवळ निम्मे खेळाडू वगळले जातात. धंदेवाईक खेळाडूस पगार नसतो. प्रवास, मुक्काम आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे मानधन हा सर्व खर्च त्याने स्वतः करावयाचा आणि दोन दिवसांनंतर तो वगळला गेला, तर बहुतेक स्पर्धांत त्यास एक पैही मिळत नाही. [→ गॉल्फ].

धंदेवाईक गॉल्फपटूचा उगम सेवकवर्गातून झाला. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात काठ्या व चेंडू बनविणारे, मैदानाची निगा राखणारे आणि सभासदांना खेळ शिकविणारे कारागीर हेच पहिले धंदेवाईक होत. १८६० मध्ये प्रेस्टविक येथे ब्रिटनची खुली स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तीत असे आठ जण उतरले होते. सभासद हौशी आणि म्हणून प्रतिष्ठित, तर धंदेवाईक हा त्यांचा नोकर, अशी विभागणी पुढे अनेक दशके टिकली. धंदेवाईकाने क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवू नये असा प्रघात होता. १९२० साली इंग्लंडमधील डील येथे खुल्या स्पर्धेसाठी आलेले अमेरिकन खेळाडू वॉल्टर हेगन यांना कपडे बदलण्याच्या खोलीत प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी एक आलिशान मोटार भाड्याने घेऊन ती क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तीतच कपडे बदलले. हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका वर्गाच्या मानापमानाचा प्रश्न होता.

भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्त्याचा गॉल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. मुंबईत १८४२ मध्ये असा क्लब निघाला. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लबचे मैदान १९२७ पासूनचे, तर पुण्याचे येरवड्याचे मैदानही ब्रिटिश अमदानीतले आहे. बंदरे, लष्करी छावण्या, चहामळे आणि थंड हवेची ठिकाणे हाच गॉल्फचा भूगोल होता. कापूस व ज्वारी पिकविणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यात खेळाची हौस कुस्तीच्या फडावर किंवा कबड्डीच्या मैदानावर भागे. गॉल्फ तेथील वाचकास भेटे तो वृत्तपत्राच्या क्रीडापानावर. स्वातंत्र्यानंतर क्लबांचे सभासद बदलले. गोऱ्या अधिकाऱ्यांची जागा उद्योगपतींनी, सनदी नोकरांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी घेतली, परंतु पिशवी वाहणारे हात मात्र तेच राहिले. मैदानालगतच्या वस्त्यांतील मुले पहाटे कॅडी म्हणून हजेरी लावीत, सभासदांचे फटके न्याहाळीत, मोडक्या काठीने माळावर सराव करीत आणि त्यांतील एखादा धंदेवाईक बनत असे. क्लबांतून त्याला सभासदाच्या बरोबरीने वागविले जात नसे.

या भेदाचे टोकाचे रूप भारताबाहेर एका भारतीय वंशाच्या खेळाडूच्या वाट्यास आले. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील सेवशंकर ऊर्फ ‘पापवा’ सेवगोलम हे मूळचे कॅडी. काठी धरताना डावा हात उजव्या हाताखाली ठेवण्याची त्यांची उलटी पद्धत पाहून जाणकार अचंबित होत. याच पद्धतीने खेळून त्यांनी १९५९, १९६० व १९६४ अशी तीन वर्षे हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये त्यांनी नाताळची खुली स्पर्धा गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून जिंकली. परंतु वर्णद्वेषी निर्बंधांमुळे क्लबच्या इमारतीत त्यांना प्रवेश नव्हता आणि विजयचषक त्यांना बाहेर पावसात उभे राहून स्वीकारावा लागला. दोन वर्षांनी त्यांनी गॅरी प्लेअर यांच्यासारख्या जगज्जेत्यासही मागे टाकले. त्यानंतर मात्र सरकारने त्यांना अशा स्पर्धांचे दरवाजे बंद केले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारताची खुली स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे पीटर टॉमसन हे तिचे पहिले विजेते. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्यास प्रेमगोपाल ऊर्फ बिल्लू सेठी यांनी ती जिंकली. परंतु सेठी हे हौशी खेळाडू होते. भारतीय धंदेवाईकास हा मान मिळण्यास पुढे सव्वीस वर्षे लागली. १९९१ मध्ये दिल्ली गॉल्फ क्लबच्या मैदानावर अली शेर विजयी झाले. ते त्याच क्लबमधील एका कॅडीचे चिरंजीव. १९९३ मध्ये त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. त्यांच्या विजयाने कॅडींच्या वस्तीतून आलेला माणूस देशातील सर्वोच्च स्पर्धा जिंकू शकतो हे सिद्ध झाले आणि सुशिक्षित मध्यमवर्गासही या धंद्याकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, धावपटू मिल्खासिंग यांचे पुत्र जीव मिल्खासिंग यांनी धंदेवाईक पेशा पत्करला. आशियाई गुणवत्ता यादीत ज्योती रंधावा (२००२), अर्जुन अटवाल (२००३) आणि जीव मिल्खासिंग (२००६ व २००८) अग्रस्थानी आले. अटवाल यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवरील एक स्पर्धा जिंकली. अशा रीतीने कॅडींच्या जोडीला दुसरा प्रवाह आला. त्यातील तरुण क्लबच्या पुढच्या दाराने आत आलेले होते. दोन्ही प्रवाह आजूबाजूने वाहत राहिले. महूच्या छावणीतील मुकेशकुमार हे पहिल्या प्रवाहातले. देशांतर्गत स्पर्धांत शंभराहून अधिक विजय मिळविल्यानंतर, २०१६ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी आशियाई टूरवरील आपली पहिली स्पर्धा जिंकली. इतक्या उशिरा फळ मिळण्याचे कारण गुणांची उणीव हे नव्हते. परदेशी जाऊन खेळण्याइतकी ऐपत त्या पिढीच्या फार थोड्या खेळाडूंना होती.

अनिर्बान लाहिरी हे दुसऱ्या प्रवाहातील होत. त्यांचे वडील तुषार लाहिरी हे सेनादलाच्या वैद्यकीय शाखेत डॉक्टर होते व स्वतः हौसेने गॉल्फ खेळत. वयाच्या आठव्या वर्षी अनिर्बान यांनी त्यांच्याकडूनच खेळाचे पहिले धडे घेतले. वडिलांच्या बदल्यांबरोबर लष्करी ठाण्यांतून त्यांचे बालपण गेले. भारतीय सेनादलांची स्वतःची गॉल्फ मैदाने आहेत आणि तेथील खर्च शहरांतील खाजगी क्लबांच्या मानाने फारच कमी असतो. गडगंज संपत्ती नसलेल्या घरांतील जी मुले या खेळात पुढे आली, त्यांत सैनिकी कुटुंबांतील मुलांचे प्रमाण लक्षणीय आहे, ते याचमुळे. पुढे बंगलोर येथे प्रशिक्षक विजय दिवेचा यांच्या मार्गदर्शनाखाली लाहिरी यांचा खेळ आकारास आला. गुरुशिष्यांचा हा संबंध लाहिरी परदेशी स्थायिक झाल्यानंतरही टिकून राहिला. विपश्यनेचा अभ्यास हे त्यांच्या जीवनक्रमाचे आणखी एक अंग. दोन फटक्यांच्या मध्ये जो दीर्घ रिकामा वेळ जातो तोच गॉल्फपटूचा खरा शत्रू असतो. त्यामुळे या साधनेचा त्यांना खेळातही उपयोग झाला असल्यास नवल नाही.

२००६ च्या दोहा आशियाई क्रीडासामन्यांत सांघिक रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात ते होते. पुढील वर्षी, विसाव्या वर्षी, ते धंदेवाईक झाले. भारतीय धंदेवाईक गॉल्फ टूर ही संस्था २००६ मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. टूर म्हणजे वर्षभर गावोगावी भरणाऱ्या स्पर्धांची मालिका. खेळाडू देशी टूरवरून आशियाई टूरवर, तेथून युरोपीय आणि शेवटी अमेरिकी टूरवर चढत जातो, आणि प्रत्येक पायरीवर खेळण्याचा हक्क त्यास पात्रता स्पर्धेतून अथवा मागील वर्षाच्या कमाईवरून नव्याने सिद्ध करावा लागतो. पहिली काही वर्षे लाहिरी यांनी देशी स्पर्धांत काढली. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीस पॅनासॉनिक खुल्या स्पर्धेत त्यांनी आशियाई टूरवरील पहिला विजय मिळविला. २०१२ व २०१३ मध्ये लागोपाठ एसएआयएल-एसबीआय खुली स्पर्धाही त्यांनी दिल्लीसच जिंकली. २०१२ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत रॉयल लिदमच्या नवव्या खळग्यावर त्यांनी एकाच फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला व अखेरीस संयुक्त एकतिसावा क्रमांक मिळविला.

तथापि त्यांचे हे सर्व विजय दिल्लीच्या परिचित मैदानावरचे होते आणि मायदेशाबाहेर ते जिंकू शकतील काय, अशी शंका घेतली जात असे. एप्रिल २०१४ मध्ये इंडोनेशियात अखेरच्या खळग्यावर ईगल साधून एका फटक्याने स्पर्धा जिंकून त्यांनी तिचे निरसन केले. ऑक्टोबरमध्ये मकाव येथेही ते विजयी झाले. याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्वालालंपूर येथील मलेशियाच्या खुल्या स्पर्धेत तिसऱ्या दिवशी ६२ फटक्यांचा अप्रतिम खेळ करून आणि शेवटच्या दिवशी पाच फटक्यांची पिछाडी भरून काढून त्यांनी ऑस्ट्रियाच्या बेर्न्ट वीसबेर्गर यांना एका फटक्याने हरविले. ही स्पर्धा आशियाई व युरोपीय या दोन्ही टूरांची संयुक्त असल्याने युरोपचे दार त्यांना उघडे झाले.

दोनच आठवड्यांनी दिल्ली गॉल्फ क्लबवर झालेली भारताची खुली स्पर्धा या देशातील धंदेवाईक गॉल्फच्या इतिहासाचे सार एका सामन्यात दाखविते. पहिले तीन दिवस शिवशंकरप्रसाद चौरसिया आघाडीवर होते. चौरसिया यांचे वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. मुलाने त्याच मैदानाच्या कडेला पाहून पाहून खेळ आत्मसात केला. त्यांना कोणी रीतसर शिकविले नव्हते. २००८ मध्ये दिल्लीत झालेली युरोपीय टूरची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकून त्यांनी सर्वांना चकित केले होते. अखेरच्या दिवशी लाहिरी त्यांच्यापेक्षा सात फटक्यांनी मागे होते. दाट झुडपांतून गेलेल्या त्या अरुंद मैदानावर सात फटके भरून निघणे जवळजवळ अशक्य. पण चौरसियांचा खेळ त्या दिवशी ढासळला, लाहिरींनी ६९ फटक्यांत फेरी संपविली आणि दोघे बरोबरीत आले. निर्णायक जादा खेळात पहिल्याच खळग्यावर बर्डी साधून लाहिरी विजयी झाले. माळ्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा देशाच्या सर्वोच्च स्पर्धेसाठी अखेरच्या हिरवळीवर समोरासमोर उभे होते. अली शेर यांच्या पहिल्या विजयाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. चौरसिया यांनी ही स्पर्धा पुढे २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे जिंकली, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

या विजयांमुळे लाहिरी जागतिक क्रमवारीत तेहतिसाव्या स्थानापर्यंत पोहोचले. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील व्हिसलिंग स्ट्रेट्स येथे पीजीए अजिंक्यपद स्पर्धा झाली. सरावाच्या दिवशी झालेल्या सर्वांत लांब फटक्याच्या चढाओढीत त्यांनी ३२७ यार्डांचा फटका मारून बक्षीस मिळविले, ही गोष्ट गौण. मुख्य स्पर्धेत ७०, ६७, ७० व ६८ अशा चार सुसंगत फेऱ्या खेळून त्यांनी २७५ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा तेरा फटके कमी घेऊन, संयुक्त पाचवा क्रमांक मिळविला. विजेते ऑस्ट्रेलियाचे जेसन डे यांना वीस फटके कमी लागले होते. २००८ मध्ये याच स्पर्धेत जीव मिल्खासिंग यांनी मिळविलेला संयुक्त नववा क्रमांक ही तोवरची भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी होती.

ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे प्रेसिडेंट्स चषकाचे सामने झाले. अमेरिकेचा संघ आणि युरोप वगळून उर्वरित जगाचा संघ यांच्यात ही लढत होते. तीत बक्षिसाची रक्कम नसते, केवळ निवडीचा मान असतो. अखेरच्या दिवशी एकेरी सामन्यात लाहिरी यांची गाठ क्रिस कर्क यांच्याशी पडली. अठराव्या खळग्यावर दोघे बरोबरीत होते. कर्क यांचा चेंडू खळग्यापासून बराच लांब, लाहिरींचा अगदी जवळ. कर्क यांनी तो लांबचा पट खळग्यात घातला आणि लाहिरींचा जवळचा पट चुकला. सामना गेला. संपूर्ण लढतही अमेरिकेने साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशा अत्यल्प फरकाने जिंकल्यामुळे त्या एका फटक्याची चर्चा फार झाली. तीस सामन्यांच्या लढतीचा निकाल एकाच्या माथी मारणे हे अर्थातच अन्यायाचे होते. २०१७ मध्ये न्यू यॉर्कनजीक झालेल्या पुढील सामन्यांसाठी त्यांची पुन्हा निवड झाली. त्या वेळी अमेरिकेचा संघ शनिवारीच विजय पक्का करण्याच्या बेतात असताना लाहिरी व कोरियाचे किम सीवू यांनी आपला दुहेरी सामना जिंकून तो एक दिवस लांबविला. लढत उर्वरित जगाच्या संघाने मोठ्या फरकाने गमावली. परंतु दोन वर्षांपूर्वीचे शल्य काहीसे कमी झाले असावे.

२०१५ च्या अखेरीपासून लाहिरी अमेरिकी टूरवर नियमितपणे खेळू लागले. तेथील स्पर्धा अधिक तीव्र, मैदाने लांब आणि दर आठवड्यास नवे शहर. २०१७ मध्ये ओहायओतील मेमोरियल स्पर्धेत शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांची फेरी खेळून ते संयुक्त दुसरे आले, पण विजयाने त्यांना हुलकावणी दिली. मधली काही वर्षे त्यांना कठीण गेली. ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ च्या रीओ ऑलिंपिक क्रीडासामन्यांत गॉल्फचा पुन्हा समावेश झाला, तेव्हा भारताचे पुरुष प्रतिनिधी लाहिरी आणि चौरसिया हेच होते. चौरसिया संयुक्त पन्नासावे व लाहिरी संयुक्त सत्तावन्नावे आले. २०२१ मध्ये भरलेल्या तोक्यो सामन्यांत लाहिरी यांना संयुक्त बेचाळिसावा क्रमांक मिळाला. या वेळी त्यांच्याबरोबर पुण्याचे म्हणून स्पर्धांत ओळखले जाणारे उदयन माने होते. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यामुळे त्यांना ऐनवेळी प्रवेश मिळाला व ते संयुक्त छप्पन्नावे आले. भारतीय पथकात या खेळाने खरी उत्कंठा निर्माण केली ती बंगलोरच्या अदिती अशोक यांनी. महिलांत त्या चौथ्या आल्या आणि पदक थोडक्यात हुकले.

मार्च २०२२ मध्ये फ्लॉरिडातील सॉग्रास येथे झालेली प्लेअर्स अजिंक्यपद स्पर्धा ही लाहिरी यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठी संधी होय. चार प्रमुख स्पर्धांत तिची गणना होत नसली, तरी सर्व नामांकित खेळाडू तीत उतरतात आणि त्या वर्षी बक्षिसांची एकूण रक्कम दोन कोटी डॉलर होती. लाहिरी तेव्हा जागतिक क्रमवारीत तीनशेच्याही खाली गेले होते. वादळी पावसाने वेळापत्रक कोलमडले व स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. तीन फेऱ्यांअंती लाहिरी एका फटक्याने सर्वांच्या पुढे होते. शेवटच्या फेरीत आठव्या खळग्यावर त्यांनी दोन फटके जादा घालविले, मग अकराव्यावर ईगल साधून ते भरून काढले. ऑस्ट्रेलियाचे कॅमेरन स्मिथ यांनी अठराव्या खळग्यावर चेंडू पाण्यात घालविल्यामुळे दोघांतील अंतर एका फटक्याचे राहिले. अठराव्या खळग्यावर लाहिरींना बर्डीची गरज होती. त्यांना पार साधता आले. स्मिथ यांना पारपेक्षा तेरा, तर लाहिरींना बारा फटके कमी लागले होते. दुसऱ्या क्रमांकाचे त्यांचे बक्षीस २१ लाख ८० हजार डॉलर होते. त्यापूर्वी कोणत्याही भारतीय गॉल्फपटूस एका स्पर्धेत एवढी रक्कम मिळालेली नव्हती. अमेरिकी टूरवरील विजय मात्र त्यांना मिळाला नाही.

त्याच वर्षी जागतिक गॉल्फमध्ये मोठी फूट पडली. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पाठबळावर ‘लिव्ह’ गॉल्फ ही नवी मालिका सुरू झाली. तीत खेळाडूंना करारापोटी निश्चित रक्कम मिळे, स्पर्धा चार दिवसांऐवजी तीन दिवसांच्या असत आणि मध्येच कोणास वगळले जात नसे. दोन दिवसांनंतर रिकाम्या हाताने घरी परतण्याची भीती ही धंदेवाईक गॉल्फपटूची पिढीजात सोबतीण. या मालिकेत ती प्रथमच दूर झाली. टीकाकारांनी हा पैशासाठी केलेला सौदा मानला व निधीच्या उगमाबद्दलही आक्षेप घेतले. अमेरिकी टूरने तिकडे गेलेल्या खेळाडूंना निलंबित केले. ऑगस्ट २०२२ मध्ये लाहिरी यांनी लिव्हमध्ये प्रवेश केला आणि बॉस्टननजीकच्या पहिल्याच स्पर्धेत ते अग्रस्थानासाठीच्या जादा खेळापर्यंत पोहोचले. तेथे डस्टिन जॉन्सन विजयी झाले. ब्रायसन डीशँबो यांच्या नेतृत्वाखालील क्रशर्स संघातून खेळताना २०२३ चे सांघिक विजेतेपद त्यांना लाभले. वैयक्तिक विजय मात्र येथेही एका फटक्याच्या अंतरावरच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिकागो येथे त्यांना डीशँबोंनी एका फटक्याने मागे टाकले, आणि जुलै २०२४ मध्ये स्पेनमधील वाल्देर्रामा येथे सेर्जिओ गार्सिया यांच्याकडून त्यांना जादा खेळात हार पत्करावी लागली.

आर्थिक स्थैर्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. लिव्हच्या स्पर्धांना प्रारंभीची काही वर्षे जागतिक क्रमवारीचे गुण दिले जात नव्हते. ऑलिंपिक निवड याच क्रमवारीवरून होत असल्यामुळे लाहिरी यांचे नाव खाली खाली घसरत गेले आणि २०२४ च्या पॅरिस सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व शुभंकर शर्मा व गगनजीत भुल्लर यांनी केले. भुल्लर हे २००६ च्या दोहा संघातील त्यांचे सहकारी होत.